स्तनाच्या पुनर्रचनेचा निर्णय बीएमआयच्या एका आकड्यावर नको

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कर्करोगामुळे स्तन काढावा लागलेली बाई ‘पुन्हा स्तन करता येईल का?’ असे विचारते, तेव्हा तिला बऱ्याचदा एवढेच उत्तर मिळते : ‘आधी वजन कमी करा, मग बघू.’ किती किलो, किती महिन्यांत, नेमक्या कोणत्या धोक्यासाठी, आणि तेवढे कमी झालेच नाही तर पुढे काय, यातले काही सांगितले जात नाही. बाई घरी जाते आणि पुन्हा विचारायला येत नाही. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, पुनर्रचना आणि भूल या कामात असलेले आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत. ऑक्टोबर या स्तनाच्या कर्करोगाच्या जागृतीच्या महिन्यात गाठ कशी ओळखावी यावर वृत्तपत्रांत भरपूर छापून येते, पण स्तन काढल्यानंतर कोणाला काय मिळू शकते यावर फारसे येत नाही. भारतात २०२२ या एका वर्षात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण झाल्याचा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के स्त्रियांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, २५ किंवा त्याहून जास्त निघाला. तेव्हा हा प्रश्न मोजक्या बायकांचा नाही.

आमचे म्हणणे आधीच सांगतो. जास्त वजनाने या शस्त्रक्रियेतला धोका वाढतो. ते खरे आहे आणि रुग्णापासून लपवू नये. पण बीएमआयचा आकडा पाहून दार लावून घेणे चूक आहे. वजन हे धोक्याच्या चार-पाच कारणांपैकी एक. कोणती शस्त्रक्रिया, केव्हा आणि कोणाच्या हातून, हे ठरवताना त्याचा विचार व्हावा. शस्त्रक्रिया होणारच नाही, हे मात्र केवळ त्याच्यावरून ठरू नये.

बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे. १५५ सेंटिमीटर उंचीच्या बाईचे वजन ७२ किलो असेल तर बीएमआय ३०, ८४ किलो असेल तर ३५ आणि ९६ किलो असेल तर ४०. आता ३५ ची मर्यादा पाळणाऱ्या एखाद्या ठिकाणी ही ८४ किलोची बाई आली. उंची १५५ लिहिली तर आकडा ३४.९६, म्हणजे ती पात्र. पट्टी जरा तिरकी लागून १५४ लिहिली गेली तर ३५.४, म्हणजे अपात्र. साठी ओलांडलेल्या बाईची पाठ वाकून उंची दोन-तीन सेंटिमीटर कमी झालेली असते, त्यामुळे एक ग्रॅमही न वाढता तिचा बीएमआय वाढतो. शिवाय चरबी, स्नायू आणि पायांवरची सूज यांत हे सूत्र फरक करत नाही. एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या अडॉल्फ केतले या संख्याशास्त्रज्ञाने मोठ्या लोकसमूहांच्या अभ्यासासाठी ते मांडले होते. एका बाईच्या छातीच्या शस्त्रक्रियेचा निवाडा करणे हा त्याचा हेतू कधीच नव्हता.

आपल्याकडे त्यात आणखी एक गोंधळ होतो. भारतीयांमध्ये मधुमेह आणि हृदयविकार कमी वजनालाच सुरू होतात, म्हणून आपले वैद्यकतज्ज्ञ २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. मधुमेह टाळण्यासाठी हे योग्यच आहे. पण पुनर्रचनेतल्या गुंतागुंतींचे जे अभ्यास झाले आहेत, ते बहुतेक जागतिक आरोग्य संघटनेच्या ३०, ३५ आणि ४० या टप्प्यांवर झालेले आहेत. २७ बीएमआय असलेल्या बाईच्या केसपेपरवर ‘लठ्ठ’ असा शिक्का पडतो आणि तेवढ्यावरून तिला पुनर्रचना नाकारली जाते, तेव्हा एका कामासाठी आखलेली रेष भलत्याच कामाला लावलेली असते. उलटही घडते. २६ बीएमआयच्या बाईचे पोट पुढे आलेले असते, पण ती चरबी पोटाच्या पडद्याच्या आत, आतड्यांभोवती असते. पोटाची त्वचा आणि चरबी घेऊन स्तन करायचा तर ही आतली चरबी उपयोगाची नाही. उलट तिच्या दाबामुळे पोटाची जखम शिवताना ताण येतो आणि पुढे पोट फुगून येण्याची भीती राहते. म्हणून अनुभवी सर्जन वजनकाट्याआधी हाताने बघतो : बाईला उभे करून आणि मग आडवे करून बेंबीखालची घडी चिमटीत किती येते ते पाहतो. आडवे झाल्यावरही पोट घट्टच राहिले आणि चिमटीत थोडेच आले, तर चरबी आत आहे. हा फरक बीएमआयमध्ये दिसत नाही.

आता जास्त वजनात बिघडते काय आणि का, ते जरा तपशिलात सांगायला हवे, कारण रुग्णाला हेच सांगितले जात नाही. मोठा, ओघळलेला स्तन काढला की त्यावरची त्वचा लांबलचक उरते. तिला रक्त येते ते कडेकडून, त्वचेखालच्या बारीक जाळ्यातून. त्वचेचा पदर जितका लांब, तितके त्याचे टोक रक्तापासून दूर. शस्त्रक्रिया चालू असताना हा जड पदर तास-दीड तास हुकाने ओढून धरावा लागतो आणि त्या ओढीने रक्ताची धार आणखी मंदावते. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी टाक्यांच्या कडेला, विशेषतः उभा आणि आडवा टाका जिथे एकमेकांना मिळतात त्या कोपऱ्यात, त्वचा जांभळी पडते आणि पुढे काळी. खाली स्वतःच्याच शरीरातले मांस असेल तर ही जखम ड्रेसिंग करत करत भरून येते. खाली सिलिकॉनचे इम्प्लांट, म्हणजे आत बसवलेला कृत्रिम स्तन, असेल तर गणित बदलते. त्वचा उघडली की जंतू इम्प्लांटच्या पृष्ठभागावर चिकट थर धरतात, तिथे रक्त नसल्याने अँटिबायोटिक पोचत नाही, आणि बहुधा इम्प्लांट काढावेच लागते.

दुसरी अडचण पाणी साठण्याची. चरबीचा कापलेला पृष्ठभाग जितका मोठा, तितका द्रव जास्त पाझरतो. हा द्रव बाहेर काढायला बसवलेल्या ड्रेनच्या नळीतून २४ तासांत ३० मिलिलिटरपेक्षा कमी येऊ लागले आणि लागोपाठ दोन दिवस तसेच राहिले की नळी काढतात. वजन जास्त असेल तर याला आठवडाभर अधिक लागू शकतो, आणि नळी जितके दिवस राहील तितकी जंतूंना वाट मिळते. तिसरी अडचण पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याची. कर्करोग, लांबलेली शस्त्रक्रिया आणि वजन हे तिन्ही एकत्र आले की ती शक्यता वाढते. म्हणून रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनची इंजेक्शने, पोटऱ्यांवर दाब देणारे यंत्र आणि दुसऱ्या दिवशी बिछान्यातून उठवणे, यात हयगय चालत नाही. भूलतज्ज्ञाला घोरण्याची आणि झोपेत श्वास अडकण्याची माहिती आधी हवी. ती बहुतेक वेळा नवऱ्याला किंवा मुलीला असते, बाईला स्वतःला नसते. तेव्हा तपासणीच्या दिवशी त्यांना सोबत आणावे.

हा धोका वजनाबरोबर हळूहळू वाढतो. तो घाटाच्या रस्त्यासारखा चढत जातो, ३० किंवा ३५ वर मध्येच एखादी भिंत उभी नाही. २९.९ ला सुरक्षित आणि ३०.१ ला धोकादायक, असे कोणत्याही अभ्यासात दिसलेले नाही.

आणि हा धोका प्रत्येक शस्त्रक्रियेत सारखा नसतो. इथेच ‘वजन कमी करून या’ हे उत्तर सर्वांत तोकडे पडते. अमेरिका आणि कॅनडातल्या ११ केंद्रांनी मिळून केलेल्या मोठ्या अभ्यासात ३५ च्या पुढच्या बीएमआयमध्ये दोन्ही पद्धतींत गुंतागुंती वाढल्या. पण पुनर्रचना पुरतीच फसण्याचे, म्हणजे केलेला स्तन काढून टाकावा लागण्याचे प्रमाण वाढले ते इम्प्लांटमध्ये. स्वतःच्या पोटाच्या ऊतीपासून केलेल्या स्तनांत तशी वाढ दिसली नाही. कारण सरळ आहे. पोटाच्या फ्लॅपला, म्हणजे पोटावरून उचललेल्या त्वचा-चरबीच्या तुकड्याला, स्वतःची धमनी आणि शीर असते. सूक्ष्मदर्शकाखाली ती छातीच्या रक्तवाहिन्यांना जोडली की हे मांस जिवंत राहते आणि जंतूंशी लढतेही. इम्प्लांटला यातले काही जमत नाही. इम्प्लांटचा आकारही मर्यादित असतो, साधारण ८०० सीसीच्या आसपास तो संपतो. दुसऱ्या बाजूचा स्तन सव्वा किलोचा असेल तर एवढ्याने जोड जमत नाही आणि दुसरा स्तन लहान करावा लागतो. तरीही आपल्याकडे ‘वजन जास्त आहे, मोठी शस्त्रक्रिया नको, इम्प्लांट टाकू’ असे सहज म्हटले जाते. ४० मिनिटांचे काम आणि ८ तासांचे काम यांत पहिले सुरक्षित वाटणे स्वाभाविक आहे, पण वर्षभराचा हिशेब मांडला तर जाड बाईच्या बाबतीत ते नेहमीच खरे ठरत नाही. पुढे शेक (रेडिएशन) द्यायचे असतील तर मुळीच नाही, कारण शेकांनंतर इम्प्लांटभोवतीचे आवरण आवळून कडक होण्याचे प्रमाण बरेच वाढते.

पोटाच्या फ्लॅपचेही स्वतःचे प्रश्न आहेत. चरबी जाड असेल तर एका बारीक रक्तवाहिनीवर सगळा फ्लॅप जगत नाही. दूरच्या टोकाची चरबी मरते आणि तिची टणक गाठ होते. सहा महिन्यांनी हाताला लागलेली ही गाठ पाहून ‘रोग परत आला’ म्हणून घरातले सगळे हादरतात. सोनोग्राफी आणि गरज पडल्यास सुई घालून तपासणी केली की उलगडा होतो, पण हे आधी सांगून ठेवले पाहिजे. उपाय आहेत : आधी सीटी अँजिओग्राफी करून रक्तवाहिन्यांचा नकाशा घेणे, एकाऐवजी दोन-तीन वाहिन्या सोबत ठेवणे, रक्त तुंबत असेल तर वरची दुसरी शीर जोडणे, आणि दूरचे टोक मोह न धरता कापून टाकणे. पहिले २४ तास फ्लॅपचा रंग, ऊब आणि बोट दाबून सोडल्यावर रंग परतायला लागणारे दोन-तीन सेकंद हे परिचारिकेने तासातासाला पाहायचे असते. फ्लॅप निळसर पडून फुगला तर शीर अडली आहे. तेव्हा सकाळच्या राउंडची वाट पाहायची नसते, तासा-दोन तासांत पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये नेले तर तो वाचू शकतो. हे करणारी माणसे रात्री हजर नसलेल्या ठिकाणी ही शस्त्रक्रिया कमी वजनाच्या बाईवरही करू नये.

या दोन टोकांच्या मधले पर्याय आपल्याकडे फार कमी वेळा मांडले जातात. जाड बाईच्या पाठीवर ब्रेसियरच्या पट्ट्याजवळ जी घडी असते, ती पाठीच्या स्नायूसकट पुढे आणली तर बरेचदा इम्प्लांटशिवाय मध्यम आकाराचा स्तन होतो. तिथे सूक्ष्मदर्शकाची गरज नसते. पाठीवर पाणी साठणे हा त्यातला नेहमीचा त्रास, तो सुईने काढत राहावा लागतो. स्तन मोठा आणि ओघळलेला असेल तर खालची त्वचा फेकून न देता, तिचा वरचा पापुद्रा काढून, इम्प्लांटच्या खालच्या अर्ध्या भागावर अस्तरासारखी घेता येते. बाहेरून विकत आणायची महागडी जाळी त्यामुळे वाचते. सडपातळ बाईला हे शक्य नसते. आणखी एक पद्धत म्हणजे उरलेली त्वचा आणि तिच्याखालची चरबी घड्या घालून आतल्या आत शिवणे. त्यातून छोटा उंचवटा तयार होतो आणि पुढे मांडीची किंवा पोटाची चरबी सुईने भरून तो वाढवता येतो. गाठ लहान आणि स्तन मोठा असेल, तर स्तन पूर्ण न काढता गाठ काढून त्याच वेळी दोन्ही स्तन लहान करणे हा अनेकींसाठी सर्वांत चांगला मार्ग असतो. त्यानंतर शेक मात्र घ्यावेच लागतात.

वजनाची एवढी चर्चा होते, पण तंबाखूची तितकीच व्हायला हवी. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात, आणि या शस्त्रक्रियेचा सारा भरवसा त्या बारीक वाहिन्यांवरच असतो. केसपेपरवर प्रश्न छापलेला असतो, ‘धूम्रपान?’ आणि बाई खरेच ‘नाही’ म्हणते. मशेरी लावता का, हे कोणी विचारत नाही. महाराष्ट्रात गावोगावच्या बायका सकाळी दात घासायला भाजलेल्या तंबाखूची पूड वापरतात, काही दिवसातून तीन-चार वेळा. ती व्यसनात मोजायचे कोणाला सुचत नाही, त्यांना स्वतःलाही नाही. २८ बीएमआयची मशेरी लावणारी बाई आणि ३४ बीएमआयची तंबाखूला हात न लावणारी बाई, यांतल्या पहिलीच्या त्वचेची काळजी आम्हाला अधिक वाटते. शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी मशेरी, गुटखा, पान, बिडी सगळे बंद आणि जखम पूर्ण भरेपर्यंत बंद, हा नियम वजनाच्या नियमापेक्षा कडक ठेवावा. साखरेचेही तसेच. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी तपासणी ७ च्या आसपास आणता आली तर उत्तम. ९-१० असेल तर तातडीची नसलेली पुनर्रचना पुढे ढकलणे योग्य, मग बीएमआय काहीही असो. त्वचेच्या घड्यांतला नायटा ही किरकोळ वाटणारी गोष्ट आहे. कोकणपट्टीच्या दमट हवेत स्तनाखाली आणि पोटाच्या घडीत तो नेहमी असतो, आणि चिरा नेमका तिथेच द्यायचा असतो. तीन-चार आठवडे मलम, घडीत सुती कापड आणि ती जागा कोरडी ठेवणे, एवढ्याने तो जातो.

वजन कमी करायचेच असेल, तर केव्हा आणि कसे? कर्करोगाची शस्त्रक्रिया वजनासाठी लांबवायची नाही. निदान आणि शस्त्रक्रिया यांत काही आठवड्यांचाच अवधी असतो, तेवढ्यात दहा किलो उतरवण्याचा प्रयत्न केला तर उतरतात ते स्नायू, आणि जखम भरायला लागणारी प्रथिने नेमकी तेव्हाच संपतात. शस्त्रक्रियेआधी केमो असेल तर चार-सहा महिने मिळतात, पण तो काळ उपास करण्याचा नव्हे. केमोसोबत मळमळीसाठी आणि ॲलर्जी टाळण्यासाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिले जाते, त्याने भूक वाढते. हालचाल कमी होते, आणि तरुण वयात पाळी थांबल्याने शरीराची ठेवण बदलते. या काळात वजन वाढू दिले नाही तरी पुष्कळ झाले. वजन उतरवायची खरी संधी पुनर्रचना नंतर करायची असेल तेव्हा मिळते, शेक संपल्यावर सहा ते बारा महिन्यांच्या काळात. आठवड्याला अर्धा किलो हा झेपणारा वेग आहे. तीन महिन्यांत पाच-सहा किलो. १५५ सेंटिमीटरच्या बाईत त्याने बीएमआय दोन-अडीचने उतरतो. म्हणून ३८ बीएमआयच्या बाईला ‘३० करून या’ म्हणणे म्हणजे १९ किलो उतरवायला सांगणे आहे, हे सांगणाऱ्याने कागदावर मांडून पाहावे. पाच-सात टक्के उतरले, साखर आटोक्यात आली, जिना चढताना धाप कमी झाली आणि वजन दोन-तीन महिने स्थिर राहिले, तर आमच्या दृष्टीने ती बाई शस्त्रक्रियेच्या बरीच जवळ आली.

रोजच्या जेवणात दर किलो वजनामागे एक ते दीड ग्रॅम प्रथिने पडावीत. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८, वाटीभर घट्ट वरणात ७-८. नुसत्या भाजी-भाकरीवर आणि उपासाच्या साबुदाण्यावर हा हिशेब जुळत नाही. मटकी-मुगाची उसळ, दही, अंडी, मासे यांनी जुळतो. मूत्रपिंडाचा विकार असेल त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे. साखर आणि वजन कमी करण्यासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपेटाइडची इंजेक्शने चालू असतील तर भूलतज्ज्ञाला न विसरता सांगावे. या औषधांनी जठर उशिरा रिकामे होते आणि उपाशी असूनही भूल देताना पोटातले अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका राहतो. आणखी एक गोष्ट. टॅमॉक्सिफेनने वजन वाढते या समजुतीने काही जणी गोळी परस्पर बंद करतात. खोटी गोळी दिलेल्या गटाशी तुलना केलेल्या चाचण्यांत दोन्ही गटांचे वजन जवळजवळ सारखेच वाढलेले दिसले आहे. ही गोळी रोग परत येऊ नये म्हणून असते. सूक्ष्मदर्शकाखालच्या शस्त्रक्रियेआधी गुठळीच्या भीतीने सर्जन ती काही आठवडे थांबवू शकतो, पण तो निर्णय त्याचा आणि कर्करोगतज्ज्ञाचा.

काही जणींना ‘आत्ता नाही’ हेच उत्तर द्यावे लागते, आणि ते योग्य असते. बीएमआय ४० च्या पुढे, साखर बेताल, झोपेत श्वास अडकतो, आणि शस्त्रक्रियेनंतर वेळेवर केमो किंवा शेक सुरू व्हायलाच हवेत, अशा बाईची जखम चिघळली तर उपचार लांबतात आणि त्याची किंमत आयुष्यात मोजावी लागते. अशा वेळी आधी रोगाचे उपचार. पण तेव्हाही छाती सपाट आणि नीट शिवून देणे ही सर्जनची जबाबदारी आहे. जाड बाईत काखेच्या बाजूला त्वचेचा आणि चरबीचा लोंबता गोळा राहतो, तो हात हलवताना घासतो, ब्लाउज बसू देत नाही आणि घामाने त्याखाली चट्टे उठतात. त्याच शस्त्रक्रियेत वीस-पंचवीस मिनिटे जास्त देऊन तो काढता येतो. सपाट छाती स्वतःहून पसंत करणाऱ्या स्त्रियाही आहेत, त्यांना पुनर्रचनेचा आग्रह करू नये. ज्यांना एक जड स्तन उरला आहे त्यांची मान आणि खांदा दुखतो. आत कोंबलेला कापूस हलका असल्याने वर सरकतो, म्हणून वजनदार सिलिकॉनचा बाह्य स्तन आणि तो ठेवायला खिसा शिवलेली ब्रेसियर द्यावी. हे लिहून देणे घरी पाठवतानाच्या कागदपत्रांचा भाग असला पाहिजे.

आमची मुख्य मागणी स्तन काढण्याआधीच्या टप्प्याची आहे. ज्या बाईचा स्तन काढायचा ठरला, तिची एकदा तरी प्लास्टिक सर्जनशी गाठ घालून द्यावी, तिचे वजन काहीही असो. पुनर्रचना दोन वर्षांनी व्हायची असली तरी चिरा कुठे घ्यायचा, त्वचा किती राखायची आणि पाठीच्या स्नायूची रक्तवाहिनी काखेतल्या शस्त्रक्रियेत कशी जपायची, हे त्या पहिल्या दिवशी ठरते. नकार द्यायचा असेल तर तो लेखी द्यावा : धोका कोणता, कोणत्या शस्त्रक्रियेचा, काय बदलले तर पुन्हा विचार होईल, आणि पुन्हा भेटायची तारीख. आहारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांची चिठ्ठी त्याच दिवशी मिळावी. आठ तासांच्या शस्त्रक्रियेसाठी थिएटर नाही किंवा सूक्ष्मशस्त्रक्रिया करणारा सर्जन नाही, हे खरे कारण असेल तर ते तसे सांगून दुसऱ्या केंद्राकडे पाठवावे. साधनांच्या कमतरतेचे खापर बाईच्या वजनावर फोडू नये.

ब्रिटनमध्ये काही स्थानिक आरोग्य मंडळांनी बीएमआयच्या लेखी मर्यादा घातल्या होत्या. तिथल्या राष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेने, म्हणजे नाइसने, २०१८ मध्ये सांगितले की स्तन काढावा लागणाऱ्या प्रत्येक स्त्रीला तात्काळ पुनर्रचनेचा पर्याय द्यावा, फक्त शस्त्रक्रियाच अशक्य व्हावी असे गंभीर आजार असतील तर अपवाद करावा. ती सोय त्या गावात नसली तरी पर्याय सांगावा, असेही त्यात आहे. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने, स्तन काढण्याचा खर्च देणाऱ्या विमा योजनेला पुनर्रचनेचा, दुसरा स्तन जुळवून घेण्याचा आणि बाह्य स्तनाचाही खर्च द्यावा लागतो.

आपल्याकडेही हातात काहीच नाही असे नाही. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये आरोग्य विम्यातल्या वगळलेल्या बाबींची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यातला ‘एक्सक्ल ०८’ हा मुद्दा सौंदर्यासाठीच्या प्लास्टिक सर्जरीचा खर्च नाकारतो, पण अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेला हा नकार लागू नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. लठ्ठपणावरच्या उपचारांचा मुद्दा ‘एक्सक्ल ०६’ वेगळा आहे, तो पुढे करून पुनर्रचनेचा दावा नाकारता येत नाही. तेव्हा डॉक्टरांनी पूर्वपरवानगीच्या अर्जात ‘कॉस्मेटिक’ हा शब्द कुठेही न लिहिता ‘स्तनाच्या कर्करोगानंतरची पुनर्रचना’ असे लिहावे आणि बायोप्सीचा अहवाल सोबत जोडावा. दावा नाकारला गेल्यास कोणत्या कलमाखाली नाकारला ते कंपनीकडून लेखी मागावे, मग तक्रार निवारण अधिकारी आणि त्यानंतर विमा लोकपाल. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णांनी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे स्तन काढण्याच्या आणि पुनर्रचनेच्या पॅकेजची चौकशी एकाच वेळी, दाखल होण्याआधी करावी. तपासणीला जाताना बायोप्सी, केमो आणि शेकांचे कागद, तीन महिन्यांच्या आतला एचबीए१सी, चालू गोळ्यांची यादी आणि एकाच काट्यावर सकाळी घेतलेल्या वजनाच्या नोंदी जवळ ठेवाव्यात.

आपले नम्र,
स्तनाच्या कर्करोगावर उपचार करणारे काही शल्यचिकित्सक, प्लास्टिक सर्जन, भूलतज्ज्ञ आणि परिचारिका
पुणे